न दिलेली साक्ष

माझा धाकटा भाऊ बूट शिवायचा. दुकान इतकं अरुंद, की गिऱ्हाईक आत आलं की त्याला स्टूल उचलून मागे सरकावं लागे. तोंडात खिळे धरून बोलायची त्याची सवय. मी शंभरदा सांगितलं, अरे, एखादा गिळशील. म्हणायचा, "ताई, दारू पचवली, खिळ्याचं काय घेऊन बसलीस." विनोद करण्यात पहिल्यापासून हुशार. अक्कल मात्र उशिरा आली, आणि आली तेव्हा तिचा कुणालाच उपयोग झाला नाही. म्हणून तर मी हे सांगायला बसले आहे.

त्याची बायको तापाने गेली तेव्हा पोरगी जेमतेम चालायला लागली होती. मी लग्न केलं नव्हतं. संसाराच्या भानगडीत पडायचं नाही म्हणून केलं नव्हतं, आणि बघा, अख्खा संसार माझ्याच गळ्यात येऊन पडला. पोरीला मी वाढवलं, आणि हा प्यायला लागला. आधी दुःखाने, मग सवयीने. एके दिवशी शाळेतून तिला आणायला स्कूटर घेऊन गेला तो पिऊनच. वळणावर स्कूटर आडवी झाली आणि पोरीच्या डाव्या पायावर पडली. याला खरचटलंसुद्धा नाही. हाड जुळलं, पण पाय दोन बोटं आखूड राहिला.

त्यानंतर जे नवीन वर्ष आलं, त्या सकाळी तो चर्चमध्ये गेला. गेला म्हणजे काय, मीच ओढत नेला. पाळकसाहेब सांगत होते की नवं वर्ष भिंतीवर लागतं, पण प्रभू माणसाच्या आत नवं वर्ष सुरू करतो. मला अशी वाक्यं ऐकून जांभई येते, खरं सांगते. पण हा पुढे गेला, गुडघ्यावर बसला आणि लहान मुलासारखा रडला. त्या दिवसापासून दारूला शिवला नाही. कानाला खडा लावला तो लावलाच. देवाशी माझी भांडणं पुष्कळ आहेत, पण एवढं त्याचं देणं मी कधी नाकारलं नाही.

आमच्या चर्चमध्ये नवीन वर्षाच्या उपासनेत साक्ष देतात. ज्याच्या आयुष्यात देवाने काही केलं असेल, त्याने उभं राहून चार लोकांत सांगायचं. पुढच्या वर्षी हा उभा राहिला. दारू, स्कूटर, वळण, पोरीची किंकाळी, सगळं सांगितलं. चर्चमध्ये रुमाल निघाले. मीसुद्धा रडले. मग दुसऱ्या वर्षी पाळकसाहेबांनीच नाव घेऊन बोलावलं. तिसऱ्या वर्षी लोक आपापले दारुडे नवरे आणि भाऊ धरून आणायला लागले, याची साक्ष ऐकवायला. त्यातले काही खरंच सुधारले, खोटं कशाला बोलू. बाजारात याला "साक्षीदार" म्हणायला लागले. चर्चमध्ये दानाची थैली फिरवायचं काम मिळालं. इस्त्रीचा शर्ट घालून, मान खाली घालून थैली फिरवायचा. त्याला पाहून माझा ऊर भरून यायचा.

आणि पोरगी माझ्या शेजारी बसलेली असायची. तो "माझ्या लेकीचा पाय" म्हणाला, की सगळ्या माना एकदम आमच्या बाकाकडे वळायच्या. ती लहान होती तोवर माझ्या पदराखाली तोंड लपवायची. मोठी झाली तशी सरळ समोर बघत बसायला लागली, जबडा आवळून.

तिचे बूट तोच करायचा. तिच्या पायाच्या मापाचे लाकडी फर्मे, म्हणजे बूट ज्यावर चढवून घडवतात ते साचे, त्याने स्वतः तासले होते. ती वाढेल तशा त्यांवर चामड्याच्या चकत्या ठोकायचा आणि दर नवीन वर्षाला नवा जोड द्यायचा. डाव्या बुटाला हा जाड काळा तळ, लांबूनही दिसणारा. तळहातावरच्या फोडासारखं जपायचा तिला, आणि त्याच हाताने तो फोड जगाला दाखवायचा.

मी त्याला बोलले. एकदा नाही, दहादा. "लोक आपलं ठेवतात झाकून, आणि तू स्वतःचं उघडतोस ते उघडतोस, तिचंही उघडतोस." तो म्हणायचा, "ताई, मी माझं पाप सांगतो. तिचं त्यात काय?" पालथ्या घड्यावर पाणी. त्याला वाटायचं, सांगितलं नाही तर पुन्हा बाटलीकडे वळेन. त्याच्या भीतीत तथ्य नव्हतं असं नाही, पण त्या भीतीचं भाडं पोरगी भरत होती.

ती कॉलेजात असतानाचं नवीन वर्ष. हा साक्ष देत होता, रंगात आला होता. मध्येच थांबला आणि म्हणाला, "बाळ, जरा पुढे ये. यांना चालून दाखव. देवाने कशातून वाचवलं ते लोकांना दिसू दे."

मी तिचा हात धरला, तिने तो हळूच सोडवला. उठली. बाकांच्या मधल्या वाटेने चालत गेली, तो जाड तळ फरशीवर वाजवत. पुढे पोचली, त्याच्याकडे एकदा पाहिलं, आणि न थांबता बाजूच्या दाराने बाहेर निघून गेली. लोकांना वाटलं, भावना अनावर झाल्या. कोणीतरी "आमेन" म्हणालं.

त्याच आठवड्यात तिने घर सोडलं. दुसऱ्या गावी चष्म्याच्या दुकानात नोकरी धरली. जाताना मला म्हणाली, "आत्या, दर वर्षी बाबा नवे होतात. मी मात्र तीच राहते, वळणावर पडलेली." मी डबा भरून दिला, आणि दारात उभी राहिले.

त्याने पुढच्या वर्षी बूट करून पाठवले. पार्सल न उघडता परत आलं. मग त्याने तिचे फर्मे खिळ्याला टांगून ठेवले आणि पुन्हा हात लावला नाही. ती तिकडेच कुठल्याशा दवाखान्यातून बूट करून घ्यायला लागली. लग्न केलं, मूल झालं. मला फोन यायचे, त्याला नाही. साक्ष मात्र दर वर्षी चालू होती, आता त्यात लेक रुसून गेली हेही आलं होतं. मी त्या दिवशी डोकं दुखतं म्हणून घरी राहायला लागले.

मग एका हिवाळ्यात, नवीन वर्ष तोंडावर आलं असताना, एक बाई दुकानात आली. तिचा पाय आमच्या पोरीसारखाच आखूड. म्हणाली, "मास्तर, बुटाची उंची बाहेरून दिसणार नाही असं काही करता येईल का? लोक तोंडाआधी पाय बघतात." बस, एवढंच. बाईला असेल दोन मिनिटांचं काम. हा भरदुपारी दुकान बंद करून घरी आला आणि स्वयंपाकघरात जमिनीवर बसला.

"ताई," म्हणाला, "लोक तिच्या तोंडाआधी पाय बघायचे. मी सांगितलं म्हणून बघायचे."

मी म्हणणार होते, अरे शहाण्या, मी वर्षानुवर्षं दुसरं काय सांगत होते? पण त्याचं तोंड बघून गिळून टाकलं. छातीचं दुखणं तेव्हा सुरू झालेलं होतं, डॉक्टरांनी फार काही आशा दाखवली नव्हती. म्हणाला, "मला तिला एकदा बघायचंय. या नवीन वर्षाला येईल का, विचार."

मी फोन केला. ती म्हणाली, "येईन. चर्चमध्ये मागे बसेन. पण माझ्याबद्दल एक शब्द निघाला तर पुन्हा तोंड दाखवणार नाही."

त्याने फर्मे खिळ्यावरून काढले. धूळ पुसली. असे बूट त्याने जन्मात केले नव्हते. डाव्यात उंची आतून, बुचाच्या थरांनी भरलेली. उजव्याचा तळ बाहेरून तेवढाच जाड, पण आतून कोरलेला, म्हणजे पाय खाली बसावा. घोट्याच्या वर जाणारे, नाजूक शिवणीचे, तपकिरी. टेबलावर ठेवले तर कोणत्या बुटात उंची लपवली आहे ते कुणालाही ओळखता आलं नसतं. मी त्याला विचारलं, "मापं?" म्हणाला, "तिचा पाय मला पाठ आहे." नवीन वर्षाच्या सकाळी प्रार्थना केली तीही तशीच लहानशी: "प्रभू, आज माझ्या तोंडाला कुलूप घाल." मी चहा ढवळत होते, माझ्या तोंडूनही आमेन निघून गेलं.

ती आली. दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसली. मी मान वळवून पाहिलं, तिने किंचित हसल्यासारखं केलं. इतक्या वर्षांनी. मला वाटलं, आता सगळं मार्गी लागलं.

आणि पाळकसाहेबांनी, बिचाऱ्याला काय माहीत, नेहमीसारखं त्याला पुढे बोलावलं. "आपल्या साक्षीदाराशिवाय आपलं नवीन वर्ष कसं सुरू होणार?"

तो उठला. बोलावल्यावर बसून राहणं त्याला जमलं नाही. छाती धरत पुढे गेला आणि लोकांकडे तोंड करून उभा राहिला. तो उभा राहिला आणि मागचं बाक वाजलं. ती उठली होती. त्याने पाहिलं, मीही पाहिलं. दार उघडलं, ऊन आत आलं, दार बंद झालं.

आता ती गेलीच होती. गप्प राहण्याचं काही कारण उरलं नव्हतं. लोक रुमाल काढून तयार बसले होते. तो त्या बंद दाराकडे बघत म्हणाला, "या वर्षी माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. मला माफ करा." आणि येऊन माझ्या शेजारी बसला.

मी बाहेर धावले. माझ्या गुडघ्यांचं धावणं ते काय असणार. बस निघून गेली होती. संध्याकाळी फोन केला, शपथ घेऊन सांगितलं की त्याने शब्द काढला नाही. ती म्हणाली, "आत्या, मी त्यांना उठताना पाहिलं. तू नेहमी त्यांचीच बाजू घेतेस." आणि फोन ठेवला.

इकडे चर्चमध्ये कुजबुज सुरू. सांगण्यासारखं काही नाही म्हणजे काय? दारू पुन्हा सुरू झाली वाटतं. एका शहाण्याने तर गळाभेटीच्या निमित्ताने त्याच्या तोंडाचा वास घेतला. पुढच्या रविवारी थैली दुसऱ्याच्या हातात दिली. "तुम्ही जरा विश्रांती घ्या." मी पेटले. म्हटलं, जाते आणि एकेकाला सांगते खरं काय ते. त्याने माझा हात धरला. "ताई, का गप्प राहिलो हे सांगायचं म्हणजे तिचीच गोष्ट पुन्हा सांगायची. राहू दे. मला पिऊन आलेला समजू देत." आणि समजू दिलं. त्याला पाहून लोक रस्ता बदलायचे. मी कितीतरी नवीन वर्षं बघितली, पाळकांची प्रवचनं ऐकली, पण नवा झालेला माणूस मी त्या वर्षी पाहिला, आणि आमच्या घराबाहेर कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

उन्हाळ्याच्या आत तो गेला. दुकानातच, स्टुलावर बसल्या बसल्या.

ती आली. नवऱ्याला, मुलाला न आणता, एकटी. दफनाच्या आधी पाळकसाहेब बोलायला उभे राहिले. मनाने चांगला माणूस, मेलेल्याची लाज झाकायला निघाला होता. म्हणाले, "शेवटी काही झालं असेल, पण आपल्या या भावाची साक्ष आपण विसरू शकत नाही. ते वळण, ती लेक, तिचा तो पाय..."

सगळ्या माना वळल्या. मीच उठले.

"पाळकसाहेब, ते बोलू नका," मी म्हणाले. "त्याने ते सांगणं सोडलं होतं. त्याची आठवण काढायची तर तेवढीच काढा."

पोरगी माझ्याकडे बघत राहिली. माती टाकून झाल्यावर म्हणाली, "आत्या, कधी सोडलं होतं?"

"तू उठून गेलीस त्या दिवशी."

ती माझ्याबरोबर दुकानात आली. मी कुलूप उघडलं, त्या बुटांचा खोका काढून तिच्या हातात दिला. तिने बूट बाहेर काढले, शेजारी शेजारी धरले. दोन्ही सारखे. आत हात घालून बुचाचा थर चाचपला, मग दुसऱ्याचा कोरलेला तळ. तिला कळलं. त्याच्या स्टुलावर बसली, नाड्या सैल केल्या, डावा पाय आत घातला.

टाच काही जाईना. टाचेमागे बूट चढवायची पत्र्याची पट्टी घालून, नेट लावून बघितलं, तरी जाईना. पाठ होता तो कॉलेजातल्या पोरीचा पाय. बाळंतपणानंतर तो पसरला होता, हे त्याला कुणी सांगायचं?

"घट्ट होतोय, आत्या," ती म्हणाली.

आणि माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "उगाच ओढू नकोस. इथेच ठेव. तो फर्म्यावर चढवून उद्या सैल करून देईल."