आबांची फाईल उघडेना

माझ्या भावाला कॉम्प्युटर येत नाही असं मी म्हणणार नाही. येतो. घरातल्यांना शहाणपण शिकवण्यापुरता येतो. सातबारा काढता येतो, बैलगाड्यांच्या शर्यतीचे व्हिडिओ उतरवून घेता येतात आणि काही बिघडलं की ‘व्हायरस आलाय’ एवढं म्हणता येतं. मी केडगावला स्टेशनजवळ कॉम्प्युटरचे क्लास घेते. असली अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालेली माणसं रोज समोर येतात, त्यांच्याकडून फी तरी मिळते. हा फुकटचा.

एका रविवारी त्याचा फोन आला. “आबांची ती व्हिडिओची फाईल बघितली गं. कोरी हाय. आता उगं ताणू नको. मंगळवारी शिरूरला ये आन् सही करून टाक.”

सही म्हणजे हक्कसोड. आमच्याकडे बाप गेला की लेकीने तालुक्याला जायचं आणि जमिनीतला आपला हक्क भावासाठी सोडला असं लिहून द्यायचं. भाऊ साडी घेतो, आई पुरण घालते आणि लेकीचं माहेर शाबूत राहतं. सही न करणारीचं काय होतं तेही सगळ्यांना माहीत असतं. कायद्याने लेकीला वाटा मिळतोच, त्याला व्हिडिओ लागत नाही, हे मलाही कळतं. कृपा करून कुणी सांगायला येऊ नका. मी सही करणारच होते. पण आबा जाण्याआधी महिनाभर मला फोनवर म्हणाले होते, “रस्त्याकडचा एकर तुझा. मी बोलून ठेवलंय, फोनात हाय.” आणि आबांना जाऊन आठ महिने झाले तरी भाऊ एकच पालुपद लावून बसला होता: आबा असलं काही बोललेच नाहीत. मला एकर नको होता, आबांचा शब्द हवा होता. तो असेल तर सही नाही, नसेल तर करून मोकळी. माझा हिशेब इतका सरळ होता.

आबांचा फोन भावाने कधीच पुसून कुणाला तरी देऊन टाकला होता. त्यातलं सगळं आधी कॉम्प्युटरवर उतरवलं होतं, एवढं डोकं त्याने चालवलं. म्हणजे आबा काय बोलले ते जगात एकाच ठिकाणी होतं, वडगाव रासाईला आमच्या घराच्या बाहेरच्या खोलीत.

सोमवारी क्लासला सुट्टी दिली आणि भीमेवरचा पूल ओलांडून माहेरी गेले. आई उंबऱ्यापाशी पुरणाची हरभरा डाळ निवडत बसली होती. सही व्हायच्या आधीच डाळ! मी तिच्याशी धड बोललेही नाही. भावाने खुर्ची पुढे ओढली आणि कॉम्प्युटर चालू केला.

“बघ. आपल्या डोळ्यानं बघ,” तो म्हणाला.

फोल्डरमध्ये नुसती पांढरी पानं होती. व्हिडिओच्या प्रत्येक फाईलवर कोपरा दुमडलेल्या कोऱ्या कागदाचं चित्र. आबांचीच नाही, सगळ्यांचीच. भावाने ते चित्र बघितलं आणि फाईल कोरी आहे असं ठरवून टाकलं. त्यात त्याची तरी काय चूक म्हणा? आमच्या घरात कागदावरच सगळं ठरतं आणि कोऱ्या कागदाला कुणी विचारत नाही.

“तुझ्या शर्यतीपण कोऱ्या झाल्या का रे?” मी विचारलं.

“त्या पण गेल्या. व्हायरस.”

“प्लेअर कुठाय?”

“त्यो लई जाहिराती दाखवायचा. काढून टाकला.”

काढून टाकला! अरे, कुठली फाईल कुणी उघडायची हे ठरलेलं असतं. व्हिडिओवर डबल क्लिक केलं की कॉम्प्युटर त्या प्लेअरला हाक मारतो आणि फाईलवर त्याचंच चित्र लावतो. प्लेअरच हाकलला तर हाकेला ओ कोण देणार? जाताना भाडेकरू दारावरची पाटी काढून नेतो, तसं चित्र गेलं. पाटी गेली म्हणून घर पडत नाही. हे मी पहिल्या आठवड्यात शिकवते. मी हे सगळं त्याला मोठ्या आवाजात सांगितलं आणि त्याने खिडकीबाहेर बघितलं.

“मग तू फाईल बघितली म्हणालास ती कशात बघितलीस?”

“कशात उघडू म्हणून त्यानं इचारलं. त्यात वहीचं चित्र व्हतं, ते दाबलं. आत समदी चिनी भाषा. मधी एंटर मारून बघितला, तरी न्हाई काय.”

व्हिडिओ नोटपॅडमध्ये उघडला तर नुसता अक्षरांचा कचरा दिसतो, त्याने बिघडत काही नाही. पण तिथे एक एंटर मारला आणि बंद करताना सेव्ह म्हटलं, की व्हिडिओ मेला. मग तो कुठल्याच प्लेअरला उघडत नाही.

“बंद करताना सेव्ह करू का म्हणून विचारलं असेल. काय दाबलंस?”

“आठवतंय व्हय मला?”

“दादा, काय दाबलंस?”

“म्हणलं ना, न्हाई आठवत! वरडतीस कशाला? बायकांच्या जातीला...” पुढचं तो बोलला नाही. बोलला असता तर कीबोर्ड त्याच्या डोक्यात घातला असता, हे त्याला माझ्या तोंडाकडे बघून कळलं असावं.

मी राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्या. फाईल शेवटची कधी बदलली ती तारीख तिथे असते. तारीख आबा असतानाची होती. म्हणजे देवाच्या दयेने या माणसाने ‘नको’ दाबलं होतं. मुद्दाम नाही, न वाचता.

“कशाला उकरतीस गं ते?” आई उंबऱ्यावरून म्हणाली. “गेलं ते गेलं.”

“तू डाळ निवड,” मी म्हणाले.

क्लासचा पेनड्राइव्ह सोबत आणला होता. त्यातून दुसरा प्लेअर टाकला, जाहिराती नसलेला. टाकताना तो विचारतो, कुठल्या कुठल्या फायली माझ्या नावावर करू? मी व्हिडिओच्या सगळ्या प्रकारांपुढे खुणा केल्या आणि डिफॉल्ट म्हणून त्यालाच नेमलं. मग फोल्डर उघडून बघितलं तर पानं पांढरीच.

भाऊ हसला. मांडीवर थाप मारून हसला. “झालं? म्हणलं व्हतं ना मी? मोठी क्लासवाली!”

जुनं मशीन आधीची चित्रं लक्षात धरून बसतं, आतून सगळं बदललं तरी वर जुनंच दाखवतं. हे त्याला सांगण्यात काय अर्थ होता? मी रिस्टार्ट केलं. त्या डबड्याला उठायला इतका वेळ लागला, की तेवढ्यात भावाने उद्याची गाडी ठरवली, साक्षीला येणाऱ्या दोघांना फोन केले आणि माझ्यासाठी आणलेली साडी आतून आणून कॉम्प्युटरच्या टेबलावर ठेवली. जांभळी, काठाची. मी ती उचलून पलंगावर फेकली.

स्क्रीन आला. फोल्डर उघडला. सगळ्या फायलींवर प्लेअरचं चित्र, ओळीने. भावाचं हसू गेलं. मी तारखेवरून फाईल शोधली आणि डबल क्लिक केलं.

आबा गोठ्यापुढच्या बाजेवर बसले होते. कानटोपी, खांद्यावर टॉवेल. आधी खोकले, मग शेतातल्या माणसाला दिवसाचं काम सांगावं तसे बोलायला लागले. “रस्त्याकडचा एकर पोरीचा. तिनं मागितला न्हाई, मी देतोय. थोरल्यानं त्यात आडवं येऊ नये. बाकीचं समदं त्याचं.” एवढंच. कसली आर्जवं नाहीत की रडणं नाही. माझे डोळे भरून आले आणि त्याच वेळी भावाकडे वळून दात-ओठ खात मी म्हणाले, “ऐकलंस? ऐकलंस ना आता?”

तो माझ्याकडे बघत नव्हता. व्हिडिओ अजून चालू होता.

आबांनी मान वर करून कॅमेऱ्याकडे बघितलं. “आलं का गं समदं?”

“आलं,” फोनच्या मागून आवाज आला. “झालं आसंल तर बंद करते.”

तो आवाज आईचा होता.

भावाचा चेहरा पांढराफटक पडला होता. “आये, ह्ये तू काढलंयस?” तो म्हणाला. “मला खरंच ठावं नव्हतं गं,” हे तो मला म्हणाला आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवला. आठ महिने मी याला चोर म्हणत होते. हा मूर्ख होता, चोर नव्हता.

आईने सुपातली डाळ पाखडली. खडा काढून अंगणात टाकला.

“आठ महिने, आई. मी दर रविवारी फोन करून तुला विचारलं. आबा काय बोलले का? तू म्हणायचीस, मला काय म्हाईत.”

“मग काय म्हणू?” ती म्हणाली. माझ्याकडे न बघता, पण घाबरूनही नाही. “तू येतीस आन् जातीस. मला ह्याच्या दारात म्हातारपण काढायचंय. एकर गेला म्हणून ह्यो माझ्यावर डूख धरून बसला आसता, तर मला कोण बघणार व्हतं? तू?”

“आबांनी तुझ्यावर विश्वास टाकला होता.”

“ते मेले. मी हाय.”

मी पर्स उचलली आणि चपला घातल्या. ती मागून म्हणाली, “जेवून जा.” मी जेवले नाही. मंगळवारी शिरूरलाही गेले नाही.

त्या एकरावरून भावाशी माझं भांडण अजून चालू आहे. आबांचा शब्द ऐकूनही त्याचा हात सुटत नाही. दर पंधरा दिवसांनी फोनवर आम्ही एकमेकांचा उद्धार करतो. पण तो फोन करतो, मी उचलते. आईशी माझं कसलंच भांडण नाही. तिचा फोन वाजतो आणि मी तो वाजून बंद होईपर्यंत बघत बसते.