विझलेल्या चुलीची ऊब

दिवसाढवळ्या दीर्घिका बघता येते हे मला कळलं, तेव्हा माझे हात भाकरीच्या पिठात होते. मी म्हटलं, "चल, काहीतरीच! सूर्य डोक्यावर असताना?"

लेक म्हणाली, "आई, डोळ्यांनी नाही गं. तिच्याकडून रेडिओ लहरी येतात, त्या पकडायच्या. त्यांना ऊन काय नि अंधार काय."

तव्यावरची भाकरी करपली. करपू दे म्हटलं, आधी हे नीट सांग.

माझी शाळा सातवीला सुटली. पुढचं सगळं विहारातल्या वाचनालयात बसून, हाताला लागेल ते वाचून. त्यामुळे लेक फिजिक्स शिकून पुण्यातल्याच एका संस्थेत आकाशाचं संशोधन करायला लागली, तेव्हा तिच्याइतकीच मीही शिकायला बसले म्हणा ना. ती दारात आली की माझा प्रश्न तयार. हे म्हणायचे, "अगं, तिला चपला तरी काढू दे."

त्या दिवसांत आमच्या विश्रांतवाडीत ज्याच्या त्याच्या घरातलं पोरगं कॉम्प्युटरमध्ये चाललं होतं. सकाळी नाक्यावर कंपन्यांच्या बस यायच्या, गळ्यात ओळखपत्र अडकवलेली मुलं-मुली चढायची आणि मागे राहिलेले आईबाप एकमेकांकडे अशा ऐटीत बघायचे की विचारू नका. माझा भाचाही हिंजवडीला लागला होता. तो लेकीला म्हणाला, "ताई, तुझं कोडिंग सॉलिड आहे. रिझ्यूमे दे फक्त, बाकी मी बघतो." तिनं दिला, मुलाखत झाली, नोकरीही लागली. सोमवारी संध्याकाळी फोन करू, तेव्हा हो की नाही ते सांगा, असं कंपनीनं कळवलं.

आमचे हे कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांनी त्याच दिवशी शेजारच्या काकूंना सांगून टाकलं, "आता आमच्यासाठीपण बस येणार."

लेक म्हणाली, "बाबा, सोमवारपर्यंत थांबा. माझा क्वेसार काय म्हणतो ते बघू द्या."

आता क्वेसार म्हणजे काय, ते मला कळलं तसं सांगते. दीर्घिकेच्या, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या थव्याच्या, पोटात मधोमध एक प्रचंड वजनदार कृष्णविवर असतं. त्यात वायू पडायला लागला की पडता पडता तो असा काही तापतो, की तो मधला ठिपकाच अख्ख्या दीर्घिकेपेक्षा जास्त झळकतो. काही क्वेसारमधून दोन बाजूंना झोत निघतात आणि लांब जाऊन ढगांसारखे फुगतात. लेकीच्या क्वेसारच्या आजूबाजूला एका जुन्या नकाशात पुसटसं काहीतरी दिसत होतं. तिचं म्हणणं, हा क्वेसार फार पूर्वी एकदा पेटला असणार, मग विझला आणि आता पुन्हा पेटलाय. पहिल्या वेळचे ढग अजून विरले नसतील.

"चूल विझली तरी राखेवर हात धरला की ऊब लागते ना आई? तसं."

बाई गं! मला तर त्या रात्री झोपच लागेना. एवढ्या लांबच्या चुलीची ऊब, आणि ती माझी पोरगी शोधणार!

पण ढग सापडले तरच. नाही सापडले तर विषयच संपला. "मग मी कंपनीत जाईन," ती म्हणाली. "पुन्हा नवा विषय घेऊन पहिल्यापासून सुरुवात करण्याचं बळ नाही माझ्यात."

ज्या दिवशी रेडिओ दुर्बिणीवर तिची पाळी होती, त्या दिवशी ती आम्हा दोघांनाही नारायणगावाकडे घेऊन गेली. शेतांच्या मधे भल्यामोठ्या जाळीच्या तबकड्या, काही जवळजवळ, काही पार लांब डोंगरापलीकडे; सगळ्या मिळून एकच दुर्बीण. फाटकावरच्या माणसानं आधी मोबाईल बंद करायला लावला. यांना राग आला. "आमच्या फोननं काय आकाश कोसळणारे?" लेक म्हणाली, "बाबा, तिकडून येणारी लहर इतकी क्षीण असते, की तिच्यापुढे तुमचा फोन म्हणजे लग्नातला बँड." तेवढ्यात सगळ्या तबकड्या एकदम हलल्या. विहारात कुणी उशिरा आलं की आम्ही बायका कशा सगळ्या मिळून दाराकडे वळतो, अगदी तशा. भर उन्हात! मी टाळ्याच वाजवल्या.

पुढं तिनं सगळी माहिती घरच्या कॉम्प्युटरवर आणली आणि चित्र करायला बसली. शुक्रवारी चित्र आलं. मधे ठसठशीत ठिपका. आजूबाजूला काही नाही.

रात्री ती ताटावर नुसती बसली. जेवली नाही. यांनी मात्र तिच्या ताटात हळूच जास्तीची पोळी वाढली, त्यावरून मला कळलं की यांनाही वाईट वाटलंय.

शनिवारी सकाळी तिनं आपल्या गाइड बाईंना फोन लावला. त्या नारायण पेठेतल्या, हुशार आणि तोंडानं तिखट. आवाज एवढा खणखणीत, की मी मेथी निवडता निवडता सगळं ऐकलं.

"जवळजवळच्या तबकड्यांच्या जोड्यांचं काय केलंस?"

"काढून टाकल्या, मॅडम. त्यांच्यात नुसता गोंगाट होता. टीव्हीचे बूस्टर, गाड्या, मोबाईल..."

"सगळ्याच टाकल्या?"

"हो."

"वा! तांदळात खडे निघाले की तुमच्याकडे पोतंच उकिरड्यावर टाकतात वाटतं."

फोन बंद. लेक कपाळाला हात लावून उभी. "आई, मी मूर्ख आहे."

"आधी सांग तर काय झालं."

मग तिनं सांगितलं. तबकड्या जोडीजोडीनं ऐकतात. एकमेकींपासून लांब असलेल्या तबकड्या बारीक, रेखीव गोष्टी दाखवतात. मोठं, पसरट, पुसट काही बघायचं तर जवळजवळच्याच लागतात. पण गावातला गोंगाट त्यांनाच सगळ्यात जास्त बाधतो. तिनं घाईनं स्वच्छ चित्र काढायला त्या टाकल्या आणि त्यांच्यासोबत जे शोधत होती तेच टाकलं.

मग काय! शनिवार, रविवार ती पडद्यासमोरून हलली नाही. गोंगाटाचा तेवढाच तुकडा वेचून काढायचा, बाकीचं ठेवायचं. मी शेजारी बसून चहा, पोहे, चहा. एवढ्या गोंगाटात ती लहर सापडणार कशी, हे मी दर कपामागे विचारायची. "आई, तू जाऊन झोप बरं," ती म्हणायची. मी कुठली जाते!

सोमवारी दुपारी नवं चित्र आलं. मला आधी काही दिसेना. तिनं रंग बदलले, आणि ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना, लांब, फिकट, जुन्या मलमलीसारखे दोन ढग!

"अगं बाई, ऊब!" मी ओरडले. बाहेरून हे आत आले. चष्मा सरसावून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "कचरा परत घेतलास ना तू? मग हे त्या कचऱ्याचंच नसेल कशावरून?"

मला असा राग आला! पण लेक म्हणाली, "बाबा, तेच तपासतेय." तिनं माहितीचे दोन भाग केले, सकाळचा वेगळा, दुपारचा वेगळा. गोंगाट असेल तर दोन्हींत सारखा यायचा नाही. खरे ढग असतील तर दोन्हींत त्याच जागी दिसतील.

सकाळच्या भागात दिसले. दुपारच्या भागाचं गणित चालू असतानाच फोन वाजला. मी उचलला.

"गुड इव्हनिंग, मॅम. ऑफरचं डिसिजन कळवणार होत्या त्या."

"थांब हं बाळा. तिची दीर्घिका येतेय."

"सॉरी?"

"येतेय, येतेय. फोन ठेवू नकोस."

हे माझ्याकडे बघतायत, मी लेकीकडे, लेक पडद्याकडे. चित्र वरून खाली उमटत आलं. एक ढग. मग ठिपका. मग, त्याच जागी, दुसरा ढग.

लेकीनं माझ्या हातातून फोन घेतला. एकेक शब्द स्पष्ट. "थँक यू. मला नाही येता येणार. माझं इथलं काम चालू झालंय."

तिनं फोन ठेवला आणि मला अशी घट्ट मिठी मारली की माझ्या बांगड्या वाढल्या. हे तडक बाहेर गेले. रागावले की काय?

अंगणात शेजारच्या काकू होत्याच. "काय हो, बस कधीपासून यायचीय?"

"बस नाही येणार," यांचा आवाज. "तुम्ही आत या. एक चीज दाखवतो."

काकूंना पडद्यासमोर खुर्ची दिली आणि स्वतः बोट ठेवून दाखवायला लागले. "ही इकडची ऊब, ही तिकडची. मधे नवा जाळ. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला उजेडालाही लाखो वर्षं लागतात."

"मग तिथं बस कुठली जाणार!" काकू म्हणाल्या.

"जवळच्या तबकड्या नसत्या तर दिसलंच नसतं हे," हे सांगत होते, जसं काही गाइड बाईंचा फोन यांनाच आला होता. लेक माझ्याकडे बघून हसली. मी काकूंसाठी चहाचं आधण ठेवायला उठले, पण दारातच थांबले. परत एकदा बघायचं होतं.