फ्योर्डला सगळे पोचले, मी सोडून

दुपारपासून लिहायचं टाळत होतो. लिहायला बसलो की शिव्याच येतात. येऊ देत.

कोडगूच्या डोंगरांत धरणाचं पाणी लांब आत शिरलंय. रीलवाले त्याला आपलं फ्योर्ड म्हणतात. जागा मी शोधली, दोन गाड्या मी ठरवल्या. आमच्या गँगमधला संतोष सोमवारी दुबईला चाललाय, म्हणून ही सगळ्यांची शेवटची सहल.

पिरियापट्टणजवळ चहाला थांबलो. शेजारी तंबाखू वाळवायची भट्टी दिसली, मी बघायला घुसलो. आत एवढं गरम की स्वेटर काढला. मालक शंकरप्पा, सत्तरीचे, कौतुकानं पानं दाखवत बसले. माझं घर कुठं, त्यांनी विचारलं, तर मी सांगितलं, लष्कर मोहल्ला, खाली वडलांचं, अप्पांचं, टेलरिंगचं दुकान. बाहेर आलो तर दोन्ही गाड्या गायब.

संतोषला फोन केला.

"अय्यो मगा, अरे दोस्ता, तू मागच्या गाडीत नाहीस?"

मागच्या गाडीतले समजले, मी पुढच्या गाडीत. फोनवर त्याच्या पाठीमागे सगळे हसत होते.

"आता परत फिरायला उशीर होतो रे. फोटो टाकतो."

टाकला की. वर लिहिलंय, 'पूर्ण गँग'.

मी जिथं तिथं रेंगाळतो, मान्य. म्हणून मोजायचंच नाही? शंकरप्पांनी मला घरी परतायच्या बसमध्ये बसवलं, बस हलेपर्यंत उभे राहिले. अर्ध्या तासाची ओळख.

तुमचे दोस्त परत फिरले असते का? खरं सांगा.

थांबा, अप्पा खालून हाक मारतायत. दुकानात शंकरप्पा आलेत, माझा स्वेटर घेऊन.