कॅमेऱ्याला बाभळीची मूठ

पुण्याहून निघालो तो भांडूनच. सुनंदा, म्हणजे माझी बायको, म्हणत होती, मी येते सोबत. मी म्हणत होतो, कशाला? मला दोन हात आहेत. खरं तर तेव्हा मला दीडच हात होता. आठ महिन्यांपूर्वी पक्षाघाताचा झटका येऊन गेला. पाय सुधारला, जीभ सुधारली (जरा जास्तच सुधारली, असं सुनंदाचं मत), पण उजव्या हाताची मूठ काही नीट वळेना.

चाळीस वर्षं मी वर्तमानपत्रांसाठी फोटो काढले. नोकरीतले कॅमेरे नोकरीतच राहिले. स्वतःचा म्हणावा असा एकच, जुना रशियन रेंजफाइंडर. यात बघायच्या भिंगात एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. लेन्सची कडी फिरवत त्या एकावर एक आणायच्या, की फोटो नेमका येतो. कॅमेरा अस्सल, पण अंगानं साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत, धरायला कुठे काही नाही. पूर्वी त्याचं काही वाटलं नाही. आता दोनदा हातातून निसटला, एकदा तर फरशीवरच. त्या दिवशी मी आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. हा कॅमेरा धरता येणार नसेल तर उरलेल्या आयुष्यात मी करायचं काय, हे मला कुणी सांगावं.

मुठी शोधल्या. परदेशातून एक पितळी पट्टी मागवली, ती टोचायची. कातड्याचा पट्टा आणला, तो सैल. एका इंजिनियरने यंत्रावर प्लास्टिकची मूठ छापून दिली आणि वर मलाच शिकवलं, ‘सर, हात असा धरा.’ असा धरता आला असता तर तुझ्या दारात कशाला आलो असतो, गाढवा!

मग दिवाळीत सुनंदाची भाची आली आणि कुंड्या नीट करून द्यायला आणलेलं आपलं खुरपं जाताना विसरून गेली. कुंड्यांची माती उकरायला मी ते उचललं, आणि बसलं हो हातात! आठ महिन्यांत पहिल्यांदा एखादी वस्तू माझ्या हातात बसली. भाचीचं सासर घाटनांदूरचं, तिथल्याच सुताराने ती मूठ घडवलेली. ठरलं. खुरपं आणि कॅमेरा पिशवीत टाकून निघालो. भाचीकडे मात्र उतरायचं नाही. तिथे सगळे हाताकडे बघणार आणि ‘आता बरं आहे ना?’ म्हणणार.

बार्शी, येरमाळा, कळंब करत एसटी खडखडत अंबाजोगाईला लागली तेव्हा ऊन कलत होतं. वाटेत तूर पिवळ्या फुलांनी डवरलेली, काळ्या रानात सोयाबीनची उरलेली खोडं. बघायला सुंदर होतं, पण खिडकीची काच मला एका हाताने सरकेना आणि शेजारच्याला सांगायला तोंड उघडेना, त्यामुळे सगळा मराठवाडा मी धुळकट काचेतूनच पाहिला. उतरताना दांडीवरून उजवा हात सुटला. कंडक्टरने पटकन बखोटीला धरलं म्हणून कपाळमोक्ष टळला.

“सावकाश, काका. हात दुखावलाय का?”

“काही दुखावलेलं नाही!” मी खेकसलो. बिचाऱ्याने माझी पिशवी हातात दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीपने घाटनांदूर गाठलं. बाजारात शेतीच्या अवजारांचं एक दुकान होतं. मालक कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे ओढलेले, त्यांना सगळे आप्पा म्हणत होते. मी खुरपं दाखवलं.

“ही मूठ निवृत्ती सुताराची,” आप्पा हात न लावताच म्हणाले. “पर आज न्हाई व्हायचं तुमचं काम. कोयत्यांचे दिस हायेत.”

ऊसतोडीच्या टोळ्या निघण्याचे दिवस होते. इथे कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे, ऊस तोडायला जाणारी नवराबायकोची जोडी म्हणजेही एक कोयता. निवृत्ती सुताराच्या अंगणात पंधरा-वीस माणसं आपापले कोयते घेऊन बसली होती. सुतार साठीचा, काटकुळा, कानाला पेन्सिल, सगळ्यांचा निवृत्तीमामा. एकेकाचा तळवा धरून न्याहाळायचा, अंगठ्याने दाबायचा, मगच बाभळीच्या तुकड्यावर वाकस (सुताराचं तासायचं हत्यार) चालवायचा. मी सरळ पुढे गेलो. पुण्याहून आलोय, म्हणालो.

“आमी बी दूरच निघालाव, भाऊ,” रांगेतली एक बाई म्हणाली. “उद्या गाडी हाय आमची. मूठ वाईट बसली तर सा महिने फोडं येत्यात.”

मला अधिकच राग आला. दीड तास त्या अंगणात धुमसत बसलो.

नंबर लागला. निवृत्तीमामांनी कॅमेरा उलटसुलट करून पाहिला. “ह्यानं काम काय करत्यात?”

“फोटो काढतात.”

“ते कळलं. दाबायचं कुठं अन् फिरवायचं कुठं?”

मी बटण दाखवलं, कडी दाखवली, तळाचं तिपाई जोडायचं भोक दाखवलं. त्यांनी लाकडाचा एक ओबडधोबड ठोकळा घेतला, माझ्या उजव्या तळव्याला आणि बोटांना भिजवलेला गेरू फासला आणि म्हणाले, “आवळा.” मी आवळला. ठोकळा काढून बघितला तर तळव्याच्या खालच्या कडेचा आणि करंगळीचा डाग. अंगठ्याचा नाही. तर्जनीचा नाही. बटण दाबतात त्या बोटाचाच डाग नाही!

“तुम्ही गेरू नीट लावला नाही,” मी म्हणालो.

“लावला की.”

“पुन्हा लावा!”

पुन्हा लावला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी दात-ओठ खात आवळलं, कपाळावर घाम आला. डाग तेवढाच. माणसं बघत होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पिशवीतून खुरपं काढून मी त्यांच्यापुढे नाचवलं. “ही मूठ तुम्हीच केलीत ना? ही बसते मला! अशी हवी, अशी!”

निवृत्तीमामा खुरप्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. नुसतं म्हणाले, “हे दोन्ही ठिवा हितं. उद्या दुपारी या.”

“कॅमेरा ठेवणार नाही.”

“कुऱ्हाड घरी ठिवून दांडा होतो व्हय?”

एवढ्यात त्यांची बायको, काशीबाई, बाहेर आली आणि जेवल्याशिवाय सोडेचना. धपाटे (ज्वारीचं पीठ मसाला घालून थापलेले), दही, शेंगदाण्याची चटणी. उजव्या हाताने धपाट्याचा घास तुटेना, आणि परक्याच्या घरी डाव्या हाताने जेवायचं कसं? मी ताटाकडे बघत बसलो. काशीबाईंनी काही न विचारता धपाटा कुस्करून दह्यात कालवला आणि चमचा ठेवला.

“मी काय तान्हं बाळ आहे का?” मी ओरडलोच.

“न्हाई, पाव्हणे हाव,” त्या म्हणाल्या. “पर तुमी कावून चिडायलाव? खावा गुमान.”

मी खाल्लं. चव उत्तम होती, आणि त्याचाही राग आला.

ती रात्र लॉजवर कशी काढली ते माझं मला माहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो तेव्हा अंगण रिकामं होतं, टोळी गेलेली. निवृत्तीमामांनी पंच्यातून कॅमेरा काढला. बाभळीची सुरेख गोलसर मूठ, बोटांच्या खाचा, जवसाच्या तेलाने चमकणारी. आणि ती बसवली होती भलतीकडेच! कॅमेरा उलथा धरला तर डाव्या हातात येईल अशी.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “अरे, हे काय करून ठेवलंत? हा उलटा आहे! वरचं खाली केलंत! कॅमेरा असा धरतात का? दोन दिवस घालवले मी इथे, आणि डोळे मिटून काम केलंत?”

“मला काय म्हाईत ह्याचं डोकं कुठं अन् पाय कुठं,” मामा म्हणाले. “हत्याराला म्या तसं बगत न्हाई. हात कोणता चालतो ते बगतो. बटन डाव्या अंगाला आणायचं तर हे उलथं करावं लागलं.”

“डाव्या अंगाला कुणी सांगितलं? माझा हात उजवा!”

त्यांनी कोपऱ्यातलं खुरपं उचलून माझ्यापुढे धरलं. “घ्या.”

मी घेतलं.

“कोणत्या हातानं घेतलं, बगा.”

डाव्या. मी डाव्या हातात खुरपं धरून उभा होतो.

“काल बी ह्याच हातानं नाचवलं तुमी,” ते सावकाश म्हणाले. “हे डावरं खुरपं हाय. त्या पोरीचा हात डावरा, तिच्यासाठी केलतं. पातं बी दुसरीकडं वळवलंय. उजव्याला ते जलमात बसायचं न्हाई, सायेब.”

कुंडीपाशी मी ते कोणत्या हाताने उचललं, हे मी स्वतःला कधी विचारलंच नव्हतं. आठ महिने मी दार डाव्याने उघडत होतो, चहा डाव्याने पीत होतो, आणि मूठ मात्र उजव्यासाठी शोधत हिंडत होतो.

“धरून तर बगा,” मामा म्हणाले.

धरला. बोटं खाचांत गेली. बटण आता खाली आलं होतं, बरोबर डाव्या अंगठ्याच्या टोकाशी. उजव्या हाताची कड लेन्सच्या कडीला लावली. ती नुसती ढकलायची होती, तेवढं त्याला जमत होतं. भिंगातून पाहिलं. काशीबाई उंबऱ्यात सूप घेऊन उभ्या होत्या, दोन-दोन दिसत होत्या. कडी ढकलली. दोघी सरकत सरकत एक झाल्या. अंगठा दाबला.

खटका पडला, आणि मला हुंदका फुटला. साठी उलटलेला माणूस मी, परक्या अंगणात उभा राहून रडलो. ते दोघं शांतपणे दुसरीकडे बघत राहिले.

परतीच्या एसटीत खिडकीपाशी बसलो. शेजारच्याला काच सरकवायला सांगितली, त्याने सरकवली, विषय संपला. रानातला वारा तोंडावर घेत विचार करत होतो. या तीन दिवसांत मी कंडक्टरवर चिडलो, कोयतेवालीवर चिडलो, जेवायला घालणाऱ्या बाईवर आणि माझ्यासाठी लाकूड तासणाऱ्या माणसावर ओरडलो. यांतल्या कुणीही माझा हात नेला नव्हता.

घरी पोचलो तेव्हा सुनंदाने दार उघडून पिशवी घेतली. “मिळाली मूठ?”

मी कॅमेरा डाव्या हातात धरून दाखवला, उलथा.

“उजवा हात गेला, सुनंदा,” मी म्हणालो. तोंडाने हे पहिल्यांदाच म्हटलं.

“हो.”

“तुला माहीत होतं?”

“डॉक्टरांनी दुसऱ्याच महिन्यात सांगितलं होतं.”

“मग मला सांगितलं का नाहीस?” माझा आवाज पुन्हा चढला.

“सांगितलं होतं. दोनदा,” ती म्हणाली. “दोन्ही वेळा तुम्ही ताट फेकलंत.”

एक ताट मला आठवत होतं. दुसरं आठवेना, आणि विचारायची हिंमत झाली नाही.