फोनताईंचा आकडा

विद्यापीठाच्या पात्रता विभागातल्या त्या वरिष्ठ लिपिक बाईंना सगळे फोनताई म्हणत. कार्यालयात बसत तेव्हा त्यांचे फोन साऱ्या विभागाच्या कानांवर पडत. घरून काम सुरू झाल्यावर तिथे फक्त त्यांचा आकडा पोहोचू लागला, आणि तो सर्वांत कमी होता. निकाली काढलेले अर्ज इतरांच्या जेमतेम निम्मे. उपकुलसचिवांनी ठरवले, सोमवारपासून बाईंनी रोज कार्यालयात यावे. घरी त्यांचे दृष्टी गेलेले वडील होते, दुसरे कोणी नव्हते.

घरून कामाचा कामगिरीवरील परिणाम तपासण्याचे काम माझ्याकडे असल्याने मी त्यांच्या घरी गेले. स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप होता आणि ताई एका विद्यार्थिनीशी फोनवर बोलत होत्या.

"अगं, प्रमाणपत्राची मागची बाजू पाठव. नाही गं, रागावत नाहीये. आता तुझा अंगठा आलाय फोटोत. मला अंगठ्याची पात्रता नाही तपासायची."

फोन ठेवल्यावर मी विचारले, "त्रुटीचा शेरा मारून अर्ज परत का नाही पाठवत?"

"मग ती आठ दिवस घाबरून बसणार, आणि तोच अर्ज पुन्हा माझ्याच डोक्यावर. त्यापेक्षा दहा मिनिटं तिचं डोकं खाल्लेलं बरं."

मला शंका आली. मूळ नोंदी काढल्या. परत पाठवलेला अर्ज निकाली धरला जात होता, आणि दुरुस्त होऊन आला की दुसऱ्यांदा मोजला जात होता. मी अर्जांऐवजी विद्यार्थी मोजले. ताई दुसऱ्या आल्या. पहिल्या याव्यात असे मला वाटत होते, म्हणून पुन्हा मोजले. दुसऱ्याच आल्या.

उपकुलसचिवांनी तक्ता दोनदा वाचला. "म्हणजे आता सगळ्यांनी फोनच करत बसायचं?"

"परत येणारे अर्ज कमी होतील, सर."

त्यांनी आदेश मागे घेतला, प्रत्येक फोनची नोंद ठेवण्याच्या अटीवर.

मी ताईंना फोन करून कळवले. समोरचा माणूस अडखळला तर त्याचे वाक्य पुरे करणाऱ्या ताईंनी माझे वाक्य मला पुरे करू दिले. मग फोन बाजूला धरून म्हणाल्या, "बाबा, सोमवारी मी घरीच आहे."

"मग?" आतून आवाज आला. "कुठे जाणार होतीस?"