ट्रायलला गेलेली गाडी

आमच्या मिस्त्रींच्या हाती दिलेली गाडी जशी दिली तशी परत मिळाली, असं सांगणारा माणूस मला अख्ख्या मराठवाड्यात भेटलेला नाही. दुरुस्त होऊन मिळते, याबद्दल वाद नाही. पण दुरुस्तीबरोबर ती आणखीही काहीतरी होऊन येते. माझी गाडी एकदा ब्रेकसाठी दिली, तर ब्रेक उत्तम लागू लागले आणि हॉर्न दाबला की वायपर हलू लागले. वायपरसाठी परत नेली, तर वायपर गप्प बसले आणि मागचं डावं दार आतून उघडेनासं झालं. त्या बाजूला बसलेल्या पाहुण्याला उतरवायला मी लगबगीनं गाडीला वळसा घालून जातो आणि अदबीनं दार उघडतो. पाहुणे मला फार शालीन माणूस समजतात. हे मिस्त्रींना ऐकवलं, तर ते म्हणाले, "बघा सर, इज्जत वाढली का नाय तुमची?"

छावणीपलीकडे, पडेगावच्या रस्त्याला त्यांचं गॅरेज आहे. मिस्त्री अंगानं आडवे, आवाजानं मऊ, आणि त्यांची मिशी कलपानं काळी आहे की ग्रीसनं, हे आजवर कुणाला ठरवता आलेलं नाही. गिऱ्हाइकाशी ते मराठीत बोलतात आणि गाडीशी हिंदीत. बॉनेट उघडून आत डोकं घातलं की "क्या हुआ गे तेरेकू? नखरे नक्को करू" असा प्रेमळ संवाद सुरू होतो, आणि आपण बाजूला परक्यासारखे उभे राहतो. गाडी कधी मिळेल, हा प्रश्न त्यांना असभ्य वाटतो. "लेक माहेराला आली की लगेच धाडतेत का, सर? राहू द्या की चार दिस." मी त्यावर रोज फोन करतो. बायको माहेरी गेल्यावर मी कधी एवढ्या चौकशा केल्या नव्हत्या, असं बायकोचं म्हणणं आहे, आणि ते खोडून काढण्याजोगं काही मला अजून सापडलेलं नाही.

पण मिस्त्रींची खरी ख्याती आहे ती त्यांच्या ट्रायलबद्दल. इतर गॅरेजवाले गाडी दुरुस्त झाली की चौकापर्यंत एक चक्कर मारतात आणि किल्ली देतात. मिस्त्रींचा त्यावर विश्वास नाही. "रिकामी गाडी खोटं बोलती, सर," हे त्यांचं ठाम मत. "माणसं बसवा, वझं घाला, मंग ती खरं बोलाया लागती." त्यामुळं त्यांच्या ट्रायलला माणसं लागतात, आणि माणसांना कुठंतरी जायचं असावं लागतं. गॅरेजमागच्या वस्तीत कुणाला ना कुणाला कुठंतरी जायचं असतंच. एका डॉक्टरांची गाडी अशीच ट्रायल म्हणून करमाडहून एक बाळंतीण घेऊन आली. मागच्या सीटवर बाळाचा चांदीचा वाळा सापडला आणि डॉक्टरीणबाईंनी घरात अबोला धरला. शेवटी मिस्त्रींना त्या बाळासकट डॉक्टरांच्या बंगल्यावर जाऊन खुलासा करावा लागला. एका प्राध्यापकांची गाडी त्यांच्या नकळत वेरूळला जाऊन कुणाचा तरी नवस फेडून आली. देवधर्म न मानणारे ते गृहस्थ डिकीतला नारळ बघून आठवडाभर अस्वस्थ होते. पण दुसऱ्या गॅरेजला जातो म्हणणारे हे सगळे लोक पुढच्या खेपेला पुन्हा मिस्त्रींकडेच दिसतात. मीही दिसतो. सवय जडली की जडली.

गेल्या हिवाळ्यात मात्र मी खरोखर चिडलो. आईची थोरली बहीण, म्हणजे आमची आक्कामावशी, पैठणला अंथरुणाला खिळली होती. दोघी बहिणी रोज फोनवर बोलत, म्हणजे आई इकडून ओरडायची आणि मावशीला तिकडं काही ऐकू यायचं नाही. "काय म्हणतीस? मोठ्यानं बोल" असं मावशी म्हणायची, आई आणखी मोठ्यानं ओरडायची, खालच्या मजल्यावरचे लोक वर बघायचे, आणि शेवटी दोघी दमून फोन ठेवायच्या. डॉक्टरांनी मावशीला घरीच ठेवा म्हणून सांगितलं होतं, आणि याचा अर्थ आईला कुणी समजावून द्यायची गरज नव्हती. "मला एकदा तिच्यापाशी बसायचंय," एवढंच ती म्हणाली. रविवारी जायचं ठरलं. गाडीचं ब्रेकचं काम तेवढं बाकी होतं. मिस्त्रींनी शनिवारी संध्याकाळचा वायदा केला. मी त्यांना पैठणबद्दल काही बोललो नाही. आधीच्या अनुभवावरून, कुठं जायचंय हे कळलं तर ते सोबत यायला निघतील, अशी मला धास्ती होती.

शनिवारी मिस्त्रींचा फोन लागेना. रविवारी सकाळी आई हिरव्या काठाचं लुगडं नेसून, हातात मावशीसाठी केलेल्या बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन दारात खुर्ची टाकून बसली, आणि मी रिक्षानं गॅरेज गाठलं. माझी गाडी तिथं उभी होती, पण ती माझीच आहे हे पटायला मला वेळ लागला. आकाशी बॉनेटवरचा रंग पट्ट्यापट्ट्यांनी सोलून निघाला होता. मागच्या सीटवर हळदीचे हात उमटले होते. मागच्या काचेवर लाल अक्षरांत 'सोनाली' असं लिहिलेलं होतं. सोनालीच्या शेजारी आणखी कुणाचं तरी नाव असावं, पण ते खरवडून गेलं होतं आणि सोनाली तेवढी ठाम राहिली होती.

"शेजारची पोरगी, सर," मिस्त्री म्हणाले. "नवरीसाठी ठरवलेली गाडी ऐन टायमाला बंद पडली. तीथ दांडगी, दुसरी गाडी मिळंना. पोरगी मुंडावळ्या बांधून उभी. मंग म्हणलं, आपल्या सरांच्या ब्रेकची ट्रायल बाकीच हाय." मग नवरीच्या मांडवातल्या पोरांनी झेंडूच्या माळा चिकटपट्टीनं बॉनेटला चिकटवल्या, मिस्त्रींनी नवरी कन्नडला पोचवली, आणि माळा काढताना चिकटपट्टीबरोबर रंगही आला. एवढं सांगून ते हळूच म्हणाले, "येताना हतनूरच्या पुढं क्लच गेला. दोर लावून टोचन करून आणली. पर ब्रेक लई भारी लागतेत."

मी त्यांना काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. गावात पोलीस आहेत, ग्राहकांसाठी कोर्ट आहे, माझे एक साडू त्याच कोर्टात असतात, वगैरे सगळं झालं. मिस्त्री मान खाली घालून, पान्यानं तळहात खाजवत ऐकत राहिले. शेवटी माझा दम संपला आणि मी म्हणालो, "लग्नाच्या तिथीमुळं भाड्याची गाडी मिळत नाही. एसटीची उंच पायरी आईच्या गुडघ्यांना चढवत नाही. तिची बहीण तिकडं पैठणला मरणाला टेकलीय, आणि ती घरी लुगडं नेसून बसलीय. आता तिला मी काय सांगू?"

मिस्त्रींचा चेहरा एकदम उतरला. "माय नेसून बसलीय?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. ते पत्र्याच्या शेडमागं गेले आणि एक काळी, लांबलचक, आरशासारखी चकचकीत गाडी घेऊन बाहेर आले. "बसा," ते म्हणाले. "वकीलसाहेबांची हाय. एसीचं काम केलंय. हिची बी ट्रायल बाकी हाय."

परक्याची गाडी त्याला न विचारता वापरणं हे माझ्या तत्त्वात बसत नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. तत्त्व सांभाळायचं म्हणून मी पुढं न बसता मागं बसलो.

आईला मात्र त्या गाडीचं काहीच वाटलं नाही. "आपली कुठंय?" तिनं विचारलं. "सोनालीला घेऊन गेली होती," असं माझ्या तोंडून निघून गेलं, आणि दारात उभ्या असलेल्या बायकोनं "ही सोनाली कोण?" असं अतिशय शांत आवाजात विचारलं. तो खुलासा संध्याकाळवर टाकून आम्ही निघालो.

पैठणला मावशीचं घर बोळात आहे. मी गाडी तोंडाशीच उभी करा म्हणत होतो, पण "माय एवढं चालंल का?" म्हणत मिस्त्रींनी ती थेट दारापर्यंत घातली. शेजारच्या दगडी ओट्यानं गाडीची डावी बाजू या टोकापासून त्या टोकापर्यंत खरवडली. तो आवाज मला अजून दातांत जाणवतो. मिस्त्रींनी ढुंकूनही पाहिलं नाही. "आधी मायला उतरवा," एवढंच म्हणाले.

आक्कामावशी आणि आई एकमेकींसमोर बसल्या, आणि इतके महिने फोनवर ओरडणाऱ्या त्या दोघी बायका अगदी हळू बोलू लागल्या. मावशीला ऐकू येत होतं की नाही, कोण जाणे. तिनं आईचा हात धरला होता आणि ती ओठांकडं बघत होती. आईनं तिचे केस विंचरले, लाडू कुस्करून भरवला. मी उगीच कॅलेंडर वाचत उभा राहिलो, कारण मला रडायला येत होतं. मग मावशी म्हणाली, "मला गोदावरी बघायचीय." घरातले सगळे एकमेकांकडं बघायला लागले. मिस्त्रींनी कुणालाच विचारलं नाही. त्यांनी मावशीला लेकरासारखं उचललं आणि मागच्या सीटवर आईशेजारी बसवलं. घाटाजवळ गाडी उभी करून आम्ही बराच वेळ थांबलो. दोघी काचेतून पाण्याकडं बघत होत्या आणि लहानपणी तिथं कोण कुणाला ढकलायचं, यावर भांडत होत्या. मध्येच मावशी कुरकुरली, "लई गार लागतंय गं, बंद करा ते." मिस्त्री स्टिअरिंगवर थाप मारून माझ्याकडं वळले. सकाळपासून पहिल्यांदा त्यांचा चेहरा उजळला. "सर, एसी पास."

दोन-तीन दिवसांनी मी माझी गाडी बघायला गेलो, तेव्हा वकीलसाहेब गॅरेजमध्ये उभे होते. ओरखड्यावरून बोट फिरवत ते मिस्त्रींना नेमकं तेच ऐकवत होते जे मी ऐकवलं होतं, फक्त कलमांसकट. मिस्त्री मान खाली घालून पान्यानं तळहात खाजवत होते. गाडी कुठं गेली होती, कुणाला घेऊन गेली होती, यातलं ते एक अक्षर बोलले नाहीत, आणि माझ्याकडं त्यांनी चुकूनही नजर वळवली नाही. तेव्हा मीच पुढं झालो आणि वकीलसाहेबांना सगळं सांगितलं. आई, मावशी, बोळ, ओटा, नदी, सगळं. रंगाचं काम मी करून देतो, असंही म्हणालो.

वकीलसाहेब तसे कडक गृहस्थ. त्यांचा राग काही उतरलेला दिसेना. ते गाडीत बसले, दार लावून घेतलं, किल्ली फिरवली, आणि मग काच खाली करून त्यांनी मला विचारलं, "भेट नीट झाली ना?"

मी म्हणालो, "नीट झाली."

त्यांनी मान हलवली, रंगाचं राहू द्या अशी हातानं खूण केली आणि मिस्त्रींकडं वळून म्हणाले, "पुढच्या वेळी मला सांगून नेत जा."

"सांगितलं तर तुमी देत नाय ना, साहेब," मिस्त्री अगदी मनापासून म्हणाले.

संक्रांतीच्या आधीच आक्कामावशी गेली. त्या रविवारची भेट ही शेवटचीच ठरली. माझ्या गाडीच्या बॉनेटला मिस्त्रींनी नवा रंग दिला. तो जुन्याशी जुळत नाही, आणि बायकोला अजून सोनालीचा खुलासा पुरता पटलेला नाही. मी अजूनही गाडी त्यांच्याकडंच टाकतो आणि अजूनही रोज फोन करून चिडतो. आई मात्र चिडत नाही. गाडी गॅरेजला गेली की संध्याकाळी ती दिवा लावते, जरा वेळ खुर्चीत बसते आणि मला मिस्त्रींना फोन लावून द्यायला सांगते. गाडी झाली का, हे ती विचारत नाही. "आज कुणाला घेऊन गेली रे?" असं विचारते. मिस्त्री तिकडून सविस्तर सांगतात, कोण होतं, कुठं उतरलं, तिथं कोण वाट बघत होतं. आई ते सगळं कान देऊन ऐकते. पोचली का नीट, एवढं विचारून फोन ठेवते. तिला स्वतःला आता कुठं जायचं राहिलेलं नाही.