पुरात गेलेले आजोबा

रफूवाल्या मावशींच्या हातून पहिल्यांदा सुई पडली तेव्हा त्यांचं लक्षही गेलं नाही. दुसऱ्यांदा पडली तेव्हा त्यांनी खिडकीतल्या उन्हाला दोष दिला. तिसऱ्यांदा मात्र उजव्या हाताचं मधलं बोट त्यांना न विचारता हललं, आणि त्यांनी काम बाजूला ठेवलं. कारण ते हलणं त्यांच्या ओळखीचं होतं. वडिलांचंही असंच सुरू झालं होतं. आधी कप सांडायचे, मग शर्टाची बटणं लागेनात, मग चालताना सगळं अंग झोके खाऊ लागलं, आणि एक दिवस जिन्यावरून पडून ते गेले. लोक म्हणाले, प्यायला असेल. त्या माणसानं जन्मात दारूला हात लावला नव्हता.

मावशींना आता बावन्नावं लागलं होतं. कपडे धुलाईच्या दुकानाला चिकटून त्यांची चिंचोळी खोली: एक खिडकी, एक टेबल, भिंग लावलेला दिवा. जळलेला, कुरतडलेला, सिगारेटनं भोक पडलेला कोट यायचा आणि भोक कुठं होतं ते मालकालाही सापडू नये असा परत जायचा. तोंड मात्र फटकळ. "कपडा माणसासारखा वापरा, म्हणजे माझं तोंड बघावं लागणार नाही," असं गिऱ्हाइकाला सरळ ऐकवायच्या. तरी गिऱ्हाईक यायचंच.

हात काय, पदराखाली लपवता आला असता. पण लेकीला तिसरा महिना लागला होता.

डॉक्टरीणबाईंनी बोटं तपासली, एका रेषेवरून चालायला लावलं. "वडिलांचं कळलं," त्या म्हणाल्या. "पण त्यांच्या वडिलांचं काय? घराण्यात कुणाकुणाला होतं ते कळलं, तर नेमकी कुठली तपासणी करायची ते ठरवता येईल. तुमची, आणि हवी असेल तर मुलीचीही."

मुलीचीही. तो एक शब्द मावशी घरापर्यंत दातांखाली धरून आल्या. आडात काय आहे ते कळल्याशिवाय पोहऱ्यात काय येणार ते कोण सांगणार?

आजोबांबद्दल घरात एकच वाक्य होतं: पुरात गेले. नोंदणी कार्यालयात मावशींनी पुराच्या सालची मृत्यूंची वही तीनदा चाळली. पुरात गेलेल्यांची तर वेगळी यादीच होती, सदतीस नावांची. आजोबा त्यात नव्हते. मागची दोन वर्षं पाहिली, पुढची दोन पाहिली. तिथल्या जाड चष्म्याच्या कारकुनानं शेवटी वही मिटली.

"मावशी, हा माणूस जन्मला, लग्न केलं, दोन पोरं झाली, आणि संपलाच बघा. पुढं भिंत."

खरं सांगायचं तर मावशींना हायसं वाटलं. भिंतीपलीकडचं दिसत नाही, हे भिंतीचं एक बरं असतं. पण रात्रीपर्यंत ते हायसं वाटणं टिकलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या आत्याकडे गेल्या. आत्या म्हणजे वडिलांची मोठी बहीण. शहाऐंशी वर्षांची, कान तिखट, आणि आजोबांना पाहिलेलं जिवंत असं तेच एक माणूस. मावशींनी खोदून खोदून विचारलं, पण आत्या ताकास तूर लागू देईना.

"पुरात गेले म्हटलं ना! किती वेळा विचारशील? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ झाकायला हात जागेवर तर राहायला हवा ना, आत्या," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी आपला हात पुढे धरला.

आत्यानं तो नाचणारा हात पाहिला. मग भिंतीकडे तोंड फिरवलं. "माझं लग्न व्हायचं होतं गं," एवढंच म्हणाली. "आईनं जे सांगायला लावलं, ते मी सांगते."  पण मावशींना तेवढं पुरलं. पुरात गेलेल्या माणसापायी कुणाचं लग्न अडत नाही.

त्या आठवड्यात एक राखाडी कोट आला, कोपरावर भोक पडलेला. रफूत गेलेला दोरा शोधत बसायचं नसतं. त्याच कोटाच्या आतल्या दुमडीतून, जिथं कुणी बघत नाही तिथून दोरा सोडवून घ्यायचा असतो. दुमड उसवता उसवता मावशी थांबल्या. आजोबा सापडत नाहीत तर न सापडोत. आजीला आपण शोधलंच कुठं? ही कला शिकवली आजीनं. पण आजीला कुणी शिकवली? हातातली कात्रीही आजीचीच. तिच्या पात्यावर एक गोल शिक्का होता आणि खाली ४१२ हा आकडा. तीस वर्षं त्यांनी तो रोज पाहिला होता आणि एकदाही त्याबद्दल विचारलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

कात्री पाहून नोंदणी कार्यालयातला कारकून आधी हसला. "हे तर सरकारी सामान. आजीबाईंनी ढापलं की काय?" मग त्यानं चष्मा वर सारून शिक्का नीट पाहिला आणि हसू आवरलं. "टेकडीवरचं जुनं इस्पितळ हे. वेड्यांचं म्हणायचे तेव्हा."

मावशींनी कात्री पिशवीत टाकली. पुढचे पंधरा दिवस त्या टेकडीकडे फिरकल्या नाहीत. कामं साठली, सुया पडत राहिल्या, झोप उडाली. शेवटी टेकडीचं कळल्यावर लेकच म्हणाली, "आई, तू गेली नाहीस तर मी एकटी जाईन." तेव्हा दोघी गेल्या. पण लेकीला त्यांनी व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं आणि आत एकट्याच शिरल्या.

जुन्या कागदांच्या खोलीतल्या म्हाताऱ्या दप्तरदारानं शिवणखान्याची फाईल काढून दिली. त्यात आजी होती. पुराच्या पुढच्याच महिन्यात कामाला लागलेली. काम: चादरी आणि रुग्णांचे कपडे रफू करणे. खाली वेगळ्या शाईत शेरा होता: 'पती पुरुष वॉर्ड चारमध्ये. दोन्ही वेळ भरवण्याची परवानगी.'

मग वॉर्ड चारची वही आली. आजोबा, वय त्रेचाळीस. हातपाय आपोआप हलतात. बटणं लावता येत नाहीत. कपडे फाटतात. आणि शेवटची ओळ: वडिलांनाही हाच त्रास होता.

मृत्यूची तारीख अकरा वर्षांनंतरची होती. अकरा वर्षं आजी घरी विधवा म्हणून वावरली आणि रोज टेकडी चढून नवऱ्याला भरवत राहिली, त्याचे फाटलेले कपडे सांधत राहिली. आपल्या घरात रफू कुठून आलं, ते मावशींना आत्ता कळलं. ज्या दारातून आजार आला त्याच दारातून. त्यांना रडू आलं, पण रडण्यापेक्षा भीती मोठी होती. आजोबांचे वडील, आजोबा, वडील, आपण. आणि बाहेर बाकावर लेक.

त्या पानाची नक्कल हातात घेऊन त्या व्हरांड्यात आल्या. लेक उठून उभी राहिली.

"काय झालं, आई? सापडले?"

नाही गं, पुरातच गेले असणार. ते वाक्य मावशींच्या जिभेवर तयार होतं. आजीनं घडवलेलं, आत्यानं सत्तर वर्षं सांभाळलेलं, वापरून वापरून गुळगुळीत झालेलं. म्हटलं की संपलं. लेक आज रात्री शांत झोपली असती.

पण लेक त्यांच्या तोंडाकडे पाहतच नव्हती. ती हाताकडे पाहत होती. हातातला कागद फडफडत होता, आणि व्हरांड्यात वारा नव्हता.

मावशींनी हात लपवला नाही.

"पुरात नाही गेले," त्या म्हणाल्या. "बस खाली. सगळं सांगते. पण आधी हा माझा हात धर."